बाहेरून घरच्या नेटवर्कवर यायचं, तर एकच दार ठेवा

घरच्या कॉम्प्युटरवर बाहेरून काम करायचा माझा पहिला प्रयत्न बहुतेकजण करतात तसाच होता. राऊटरच्या पोर्ट फॉरवर्डिंगच्या पानावर गेले, रिमोट डेस्कटॉपचा (दुरून पीसी चालवायची विंडोजची सोय) ३३८९ पोर्ट, म्हणजे त्या क्रमांकाचं दार, घरच्या पीसीकडे वळवला आणि प्रवासाला निघाले. मी अनुवादाची कामं करते. शब्दसूची आणि जुन्या फायली त्या पीसीवरच असतात. सगळं छान चाललं. परत आल्यावर सहज विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, तर सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ क्रमांकाच्या नोंदींची रांगच्या रांग. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. नावं वाचत गेले: अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, अ‍ॅडमिन, टेस्ट, युजर, स्कॅनर. काही सेकंदांच्या अंतराने, रात्रभर. कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्या दाराशी बसलं होतं. अंगावर काटा आला, आणि तो पोर्ट मी तिथल्या तिथे बंद केला.

‘मला कोण कशाला शोधेल?’ असं पुष्कळजण म्हणतात. शोधायची गरजच नसते. आयपीव्ही४ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत; तिचे एकूण पत्ते सुमारे ४३० कोटी. त्या सगळ्यांवर एक पोर्ट तपासायला पाऊण तासही लागत नाही, हे मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्येच झेडमॅप या स्कॅनिंगच्या साधनाने दाखवून दिलं. त्यामुळे पोर्टचा नंबर बदलून फार काही साधत नाही. पासवर्ड भक्कम आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमध्ये सापडलेल्या ब्लूकीप या त्रुटीत आत शिरायला पासवर्ड लागतच नव्हता.

म्हणून रिमोट डेस्कटॉप, फाइल शेअरिंग, कॅमेरा यांतलं काहीही थेट इंटरनेटवर ठेवू नका. बाहेरच्या बाजूला फक्त व्हीपीएन (घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित बोगदा, म्हणजे टनेल) ठेवा, बाकी सगळं त्याच्या आत. मी वायरगार्ड हे व्हीपीएन वापरते. २०२० पासून ते लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे, आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते अनोळखी माणसाला उत्तरच देत नाही. ओळखीची किल्ली नसलेलं पॅकेट (डेटाचा तुकडा) आलं की ते मुकाट्याने टाकून देतं. चाचपडणाऱ्याला तिथे काही आहे याचा पत्ताही लागत नाही.

आधी एक गोष्ट बघून घ्या. राऊटरच्या पानावर दिसणारा वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी काय’ असं ब्राउझरमध्ये विचारल्यावर मिळणारा आयपीव्ही४ पत्ता एकच आहे का? राऊटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे सेवादात्याने एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरून काही आत येणार नाही. अशा वेळी सेवादात्याकडे पब्लिक आयपी मागा, नाहीतर टेलस्केल ही सेवा वापरा. ते वायरगार्डवरच चालतं आणि दोन्ही टोकांकडून बाहेर जोडणी करून वाट काढतं. त्याच्या खात्याला टू-फॅक्टर मात्र लावाच.

पब्लिक आयपी असेल तर राऊटरमध्ये वायरगार्डची सोय आहे का ते पाहा. माझ्या राऊटरमध्ये नव्हती, म्हणून कायम चालू राहणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर ते बसवलं. राऊटरच्या डीएचसीपीमध्ये (घरातल्या उपकरणांना पत्ते वाटणारी सोय) पायसाठी पत्ता राखून ठेवला आणि यूडीपी ५१८२० एवढा एकच पोर्ट त्याच्याकडे वळवला. घरचा आयपी बदलता असल्यामुळे डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदलत्या पत्त्याच्या मागे जाणारं, नाव घेतलं. प्रत्येक उपकरणाला किल्ल्यांची वेगळी जोडी (एक खासगी, एक पब्लिक) द्या. फोन हरवला तर पायवरून त्याची पब्लिक की काढून टाकायची, लॅपटॉपला धक्का लागत नाही. एकच जोडी सगळीकडे वापरली तर ही सोय गेली.

जोडणी होते पण फक्त पाय दिसतो, घरातलं बाकी काही उघडत नाही, इथे बरेचजण अडतात. पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेली पॅकेट घरातल्या इतर उपकरणांकडे पुढे पाठवणं) चालू करायचं राहिलेलं असतं, किंवा टनेलमधल्या पत्त्यांची उत्तरं पायकडे पाठवायची हे राऊटरला ठाऊक नसतं. त्यासाठी राऊटरमध्ये स्टॅटिक रूट (त्या पत्त्यांची ठरवून दिलेली वाट) टाका. ती सोय नसेल तर पायवर मास्करेड लावा, म्हणजे पाय ती वाहतूक स्वतःच्या पत्त्याने पुढे पाठवतो.

आता माझी एक अख्खी संध्याकाळ खाल्लेली गोष्ट. मुक्कामाच्या जागी वायफायला जोडले, हँडशेक (दोन्ही टोकांची ओळख पटणं) झाला, पण पीसी काही सापडेना. किल्ल्या तपासल्या, पोर्ट तपासला, सगळं बरोबर. शेवटी लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता पाहिला: १९२.१६८.१.३४. घरच्या पीसीचा: १९२.१६८.१.२०. दोन्हीकडे पत्त्यांची तीच रेंज! लॅपटॉप बिचारा माझा पीसी त्याच इमारतीत शोधत होता. १९२.१६८.०, १९२.१६८.१ आणि १०.०.० या रेंज जिथेतिथे भेटतात. घरची रेंज आजच बदलून १९२.१६८.७३ अशी एखादी आडवळणाची करा. प्रवासात असताना हे दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

लॅपटॉपवर अलाउड आयपीजमध्ये (कोणत्या पत्त्यांची वाहतूक टनेलमधून न्यायची त्या यादीत) मी एरवी घरची आणि टनेलची रेंज एवढंच टाकते. परक्या वायफायवर असले की ०.०.०.०/० आणि ::/० ठेवून सगळी वाहतूक घरून नेते. अधूनमधून जोडणी गप्प होत असेल तर पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवायला ठरावीक वेळाने छोटं पॅकेट पाठवणं) २५ सेकंद ठेवा.

राऊटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना स्वतःहून पोर्ट उघडू देणारी सोय) आणि रिमोट मॅनेजमेंट बंद करा, फर्मवेअर अद्ययावत ठेवा. वीज जाऊन आल्यावर पीसी आपोआप सुरू व्हावा अशी सेटिंग बायोसमध्ये असते, ती लावा. वेक-ऑन-लॅन (बंद पीसी नेटवर्कवरून सुरू करणं) वापरणार असाल, तर जागं करणारं पॅकेट पायवरून पाठवा. ते ब्रॉडकास्ट, म्हणजे त्याच नेटवर्कवरच्या सगळ्यांना उद्देशून असतं, वायरगार्डमधून पलीकडे पोहोचत नाही.

आणि निघायच्या निदान दोन दिवस आधी फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर सगळं करून बघा. घरच्या वायफायवरून केलेली चाचणी धरू नका. वायरगार्डमध्ये ‘लेटेस्ट हँडशेक’पुढे काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसली, की पीसीवरची एखादी फाइल उघडा, एक ओळ बदला, सेव्ह करा. मग घरच्या खुर्चीत बसून तीच फाइल उघडून बघा.