फाइन म्हणजे ठीक, बारीक, शुद्ध की दंड? कसं ओळखायचं

मागे भावाच्या ऑफिसातला एक इंग्लंडचा माणूस सकाळी आमच्याकडे नाश्त्याला आला होता, आता इंदूरमध्ये नाश्ता म्हणजे पोहे-जिलेबीच, दुसरं काय, तर आईने पहिली प्लेट संपल्यावर विचारलं मोअर? तो हसून म्हणाला "आय ॲम फाइन, थँक यू." आईला वाटलं पोहे फाइन झालेत म्हणतोय, खूश होऊन तिने अजून दोन डाव वाढले, वरून शेव आणि जिरावन मसाला. त्याने बिचाऱ्याने खाल्ले. परत विचारलं, परत "आय ॲम फाइन", परत पोहे. शेवटी भावाने येऊन वाचवलं.

तर पहिली गोष्ट हीच लक्षात ठेवा. कोणी खायला-प्यायला विचारलं, मदत करू का विचारलं, आणि उत्तर "आय ॲम फाइन" आलं, तर ते "नको, पुरे" आहे. आपल्याला हवं असेल तर चुकूनही फाइन म्हणू नका, "येस प्लीज" म्हणा, नाहीतर चहा गेला हातचा.

मी घरी शिकवणी घेते, आठवी-नववीची मुलं असतात, आणि हा शब्द सगळ्यांना येतो असं सगळ्यांनाच वाटतं म्हणून तो कोणी नीट शिकतच नाही. डिक्शनरी उघडली की अर्थांची रांग लागते, चांगला, बारीक, शुद्ध, दंड, ठीक, आणि पाठ करून काही होत नाही. मी मुलांना एकच सांगते, फाइन वाक्यात कुठे बसलाय ते बघा.

नामाच्या आधी आला तर बहुतेक कौतुक. "अ फाइन सिंगर" म्हणजे उत्तम गायक, "अ फाइन फिल्म" म्हणजे फारच छान सिनेमा. पण तोच शब्द इज-वॉजच्या मागे गेला, "द फिल्म वॉज फाइन", की एकदम पाणी पडतं, म्हणजे ठीक होता, चालून जाईल. हे आपल्या लोकांना कळत नाही आणि मग कोणाकडे जेवून आल्यावर "द फूड वॉज फाइन" असा मेसेज पाठवतात, यजमानीण मनातल्या मनात म्हणते एवढं केलं आणि नुसतं ठीक? तिथे एक्सलंट, डिलिशियस, वंडरफुल असलं काहीतरी लिहा. आणि नुसतं "फाइन." असं पूर्णविराम देऊन व्हॉट्सॲपवर आलं ना, तर समोरचा बहुतेक चिडलाय, "बरं, कर तुला काय करायचं ते" असा सूर असतो त्यात.

व्हेरी लावायचा की नाही हेही यावरच आहे. तब्येत ठीक आहे, चालेल, या अर्थाला व्हेरी शोभत नाही, तिथे "ॲबसोल्यूटली फाइन" किंवा "परफेक्टली फाइन" म्हणा. पण "व्हेरी फाइन सँड" एकदम बरोबर, कारण ती अगदी बारीक रेती.

बारीक या अर्थाला आपल्याकडे उदाहरणं भरपूर, पोह्यांवरची बारीक शेव, बारीक रवा, सगळं फाइन. कांदा मात्र "फाइनली चॉप्ड", फाइन चॉप्ड नाही, कारण कसा चिरला ते सांगतोय. ह्या फाइनलीचं उच्चारात शेवटी या अर्थाच्या फायनलीशी भांडण लागतं, फायनलीत ई च्या जागी ए आणि एल दोनदा असतो, लिहिताना बघून लिहा. फाइन प्रिंट म्हणजे करारात खाली बारीक अक्षरात दडवलेल्या अटी, आणि "फाइन लाइन" म्हणजे दोन गोष्टींमधला पुसट फरक, जसं आग्रह आणि जबरदस्ती, आमच्या आईला विचारा.

शुद्ध हा अर्थ समजून घ्यायचा तर आमच्या इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सोन्या-चांदीच्या बाजारात जा, रात्री तिथे खाण्याच्या गाड्या लागतात तेव्हा खायला नाही, दिवसा, दुकानं उघडी असताना. सोन्याची फाइननेस तिथे हजारात मोजतात, 916 म्हणजे हजार भागांत 916 भाग सोनं, तेच 22 कॅरेट, आणि 999 म्हणजे जवळपास निव्वळ. इथे समानार्थी शब्द प्युअर, ठीक किंवा छान अजिबात नाही.

आता दंड. हा अर्थ एवढा वेगळा कसा काय? मला हे कळलं तेव्हा फार मजा वाटली, मुळात लॅटिनमध्ये फीनिस म्हणजे शेवट. भांडण मिटवायला, प्रकरण संपवायला जे पैसे द्यायचे ते फाइन. आणि गुणाचा शेवट, म्हणजे अगदी टोक गाठलेली वस्तू, ती पण फाइन. फिनिश, फायनल हे त्याच घरातले, फायनान्ससुद्धा, कारण तिथेही देणं चुकतं करून विषय संपवायचा असतो.

2017 मध्ये इंदूर स्वच्छतेत देशात पहिलं आलं तेव्हापासून स्पॉट फाइन हा शब्द आमच्याकडे भाजीवाल्यालाही माहीत आहे, कचरा टाकला की जागेवर दंड. पण वाक्य करताना हमखास चूक होते. "आय फाइन्ड 500 रुपीज" म्हणजे दंड तुम्ही केलात! तुम्हाला झाला असेल तर "आय वॉज फाइन्ड 500 रुपीज" किंवा "आय पेड अ फाइन ऑफ 500 रुपीज", आणि कशासाठी ते फॉर लावून, "फॉर लिटरिंग". समानार्थी म्हणून पेनल्टी चालतो पण पेनल्टी मोठा शब्द आहे, ती पैशांचीच असते असं नाही, फुटबॉलमध्येही मिळते. चलान म्हणजे मात्र फाइन नाही, ती पावती, तिच्यावर फाइनचा आकडा असतो, आपण सरसकट "चलान भरलं" म्हणतो ते बोलण्यात ठीक आहे.

आणि कानाचा एक घोटाळा. दंड केला हा फाइन्ड आणि शोधणे हा फाइंड, ऐकायला दोन्ही सारखेच. डिक्टेशनमध्ये निम्मी मुलं इथे आपटतात. आधी "वॉज" किंवा "वर" हे इंग्रजी शब्द ऐकू आले तर दंडवाला लिहा, कारण शोधणेचा त्या जागी फाउंड होतो, "ही वॉज फाइन्ड" म्हणजे त्याला दंड झाला, "ही वॉज फाउंड" म्हणजे तो सापडला, आणि दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं.