लिव्हर-चिपवर फॅटी लिव्हर बनवताय? या चुका टाळा

लिव्हर-चिप म्हणजे बारीक चॅनल असलेली छोटी चिप, त्यात यकृताच्या पेशी वाढवायच्या आणि नळ्यांतून पंपाने त्यांना द्रव पुरवायचा. या पेशी मेल्या की नवीन पोरं आधी औषधाला दोष देतात, मग पेशी पाठवणाऱ्या कंपनीला. ट्युबिंगकडे कोणी बघत नाही.

सगळ्यात वैताग आणणारी चूक म्हणजे बुडबुडे. मीडियम (पेशींचं पोषक द्रव) फ्रिजमधून काढायचं आणि थेट पंपाला जोडायचं, मग इन्क्युबेटरमध्ये ३७ अंशाला ते तापलं की विरघळलेली हवा बाहेर येणारच, आणि असा एक बुडबुडा चॅनलमधून सरकला की पेशींचा थर खरवडून नेतो. आमच्याकडे एकाने शुक्रवारी घरी जायच्या घाईत हेच केलं, सोमवारी चिप ओसाड, आणि मीटिंगमध्ये साहेबांची स्लाइड काय, तर 'औषध विषारी'. मी म्हटलं कंट्रोल (औषध न दिलेली चिप) कुठाय, तर म्हणे तीपण मेली म्हणून घेतली नाही! मी मीडियम आधी गरम करतो, व्हॅक्युमखाली हवा काढतो, मग थोडा वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवतो, कारण व्हॅक्युममध्ये कार्बन डायऑक्साइडपण जातो आणि पीएच चढतो.

दुसरं दुखणं पीडीएमएस, म्हणजे चिपचं सिलिकॉन रबर. चिप बनवायला झकास, पण तेलात विरघळणारी औषधं हे स्वतःच शोषून घेतं, पेशींपर्यंत पोचतं थोडंसंच आणि तुम्ही लिहिता 'सेफ'. पेशी न टाकलेल्या चिपमधून औषध सोडा, बाहेर किती येतं ते मास स्पेकवर (रेणूंच्या वजनावरून पदार्थ मोजणारं यंत्र) मोजा. कंटाळवाणं आहे, माहितीये.

हेप-जी-टू (यकृताच्या कॅन्सरपासून बनवलेल्या पेशी) स्वस्त, कुठेही वाढतात, म्हणून सगळे तिकडे पळतात. पण त्यांच्यात औषधांवर प्रक्रिया करणारी सीवायपी एन्झाइम्स फारच कमी. पॅरासिटामोलच्या ओव्हरडोसमधलं विष यकृतच त्या एन्झाइम्सनी तयार करतं, ते इथे दिसणार कसं?

फॅटी लिव्हर बनवायला पामिटिक हे फॅटी ॲसिड भसाभस ओतू नका, चरबी साठायच्या आधीच पेशी मरतात. ओलेइक या दुसऱ्या फॅटी ॲसिडसोबत द्या, आणि कंट्रोलला नुसतं बीएसए (फॅटी ॲसिड ज्याला बांधून देतात ते गाईचं प्रोटीन) द्यायला विसरू नका.

यकृतात व्रणाचे तंतू बनवणाऱ्या स्टेलेट पेशी कडक प्लास्टिकवर ठेवल्या की आपोआप ॲक्टिव्हेट होतात, त्याला फायब्रोसिस (यकृत तंतूंनी कडक होणं) मॉडेल म्हणू नका.

दोन दिवसांत रिझल्ट मागणाऱ्यांनी हिपॅटायटिस बी वरच्या फियालुरिडिन या औषधाबद्दल वाचा. १९९३ च्या ट्रायलमध्ये १५ पैकी ५ पेशंट गेले, प्राण्यांमध्ये धोका दिसला नव्हता, आणि माणसांत यकृत बिघडायला कित्येक आठवडे लागले.

आणि हो, फ्लो दुप्पट केला की आउटलेटमधलं अल्ब्युमिन (यकृताच्या पेशी बनवतात ते प्रोटीन) निम्मं दिसतं, पेशी 'थकलेल्या' नसतात, आकड्याला फ्लो रेटने गुणा.