नवी मुंबईत हवेचा निर्देशांक कसा वाचावा

ऐरोली, महापे किंवा नेरूळ येथील केंद्राचा हवा गुणवत्ता निर्देशांक ‘समीर’ ॲपवर पाहताना आकडा आणि रंग यांवर न थांबता तो आकडा कोणत्या प्रदूषकामुळे आला आहे, हे आधी पाहावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पद्धतीत आठ प्रदूषकांचा विचार होतो, पण त्यांची सरासरी काढली जात नाही. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढून त्यांतला सर्वांत मोठा तोच त्या केंद्राचा निर्देशांक धरतात.

समजा, एखाद्या दिवशी पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, दर घनमीटर हवेत ७५ मायक्रोग्रॅम भरले आणि पीएम १० हे १४० भरले. दुसरा आकडा जवळजवळ दुप्पट असला, तरी पीएम २.५ चा उपनिर्देशांक सुमारे १५० आणि पीएम १० चा सुमारे १२७ येतो, त्यामुळे जाहीर होतो तो १५०. फुफ्फुसांत खोलवर शिरणाऱ्या सूक्ष्म कणांची मर्यादा मुद्दामच कडक ठेवलेली आहे: ६० पर्यंत हवा ‘समाधानकारक’, ९० पर्यंत ‘मध्यम’ आणि त्यापुढे ‘वाईट’. पीएम १० साठी ‘मध्यम’ची सीमा थेट २५० आहे. म्हणून रस्ता खोदल्याने डोळ्यांना दिसणारी धूळ वाढली, तरी निर्देशांक फारसा हलेलच असे नाही; उलट कचरा जाळल्याचा किंवा डिझेलचा धूर तो लवकर चढवतो.

धूलिकणांचा हा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर काढतात. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो आणि प्रदूषण जमिनीलगत साचून राहते, ती वेळ या सरासरीत झाकली जाते. त्यामुळे सकाळी फिरायला जाणाऱ्या ज्येष्ठांनी आणि दम्याच्या रुग्णांनी तासागणिक नोंदी अवश्य पाहाव्यात. माझ्या मते हीच सवय सर्वाधिक उपयोगाची आहे.

दोन ॲपमध्ये फरक दिसल्यास मापनपट्टी तपासावी. पीएम २.५ ची ६० ही पातळी भारतीय पट्टीवर १०० दाखवते, तर अमेरिकी पट्टीवर १५० च्या वर जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांची मर्यादा तर केवळ १५ मायक्रोग्रॅम आहे. घरात लहान मूल असेल, तर ‘समाधानकारक’ या शब्दापेक्षा हा आकडा समोर ठेवावा. बाहेर जाणे टाळता येत नसेल, तर कापडी रुमालाऐवजी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.