नवा डिशवॉशर घेताय? या चुका टाळा

डिशवॉशर घ्यायचं ठरलं की ओळखीतले लोक मला फोन करतात, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कुठल्या कंपनीचा घेऊ?" मी उलट विचारते, "तुमचं सगळ्यात मोठं पातेलं किती व्यासाचं आहे?" पलीकडे शांतता. मग जरा नाराजीनं, "ते बघावं लागेल." बघा ना मग! यंत्र घरी आल्यावर ज्या तक्रारी सुरू होतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ यंत्रात नसतंच. ते भांड्यांत असतं, पाण्यात असतं, नाहीतर ओट्याखालच्या खणात. आणि या तिन्ही गोष्टी आधीपासून तुमच्याच घरात असतात, फक्त कोणी वाकून बघितलेल्या नसतात.

सेटिंगचा आकडा बघून भुलणं

ही माझी स्वतःची चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पहिला डिशवॉशर घेतला तेव्हा दुकानातल्या नमुन्याच्या यंत्रात पांढऱ्याशुभ्र ताटल्या ओळीनं उभ्या होत्या. विक्रेता म्हणाला, "१२ सेटिंगचा आहे, चार माणसांना भरपूर झाला." मीही मनात हिशेब केला, चार माणसं, तीन वेळा, बारा. झालं. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी दोन मोठी पातेली खालच्या रॅकमध्ये ठेवली आणि खालचा रॅक संपला. उरलेल्या फटींत वाट्या कोंबल्या, वर कप-पेले लावले, दार लावलं. तीन तासांनी उघडलं तर खालचं सगळं लख्ख, वरचे कप मात्र ठेवले तसेच खरकटे, वर ओलेसुद्धा.

असं चार दिवस चाललं. पावडर बदलली, जास्त गरम पाण्याचा प्रोग्रॅम लावून पाहिला, शेवटी तंत्रज्ञाला बोलावलं. त्यानं काहीही उघडलं नाही. भांडी होती तशीच ठेवायला सांगितली, वरच्या रॅकखाली पाणी फवारणारा जो पंखा असतो तो बोटानं फिरवला. टक्. पातेल्याचा उभा कान पंख्याला अडत होता. पंखा फिरत नव्हता, म्हणून वर पाणी पोचत नव्हतं. "यंत्र चांगलं आहे बाई," एवढंच म्हणून तो गेला. भेटीचे पैसे मात्र घेतले, आणि घ्यायलाच हवे होते.

सेटिंग म्हणजे काय ते मी त्या दिवशी वाचलं. एका माणसाच्या जेवणाची ताटली, खोलगट बशी, छोटी बशी, कपबशी, पेला आणि सुरी-काटे-चमचे हा एका सेटिंगचा गाभा. आकडा चाचणीच्या ठरलेल्या भांड्यांवरून काढतात आणि स्वयंपाकाच्या मोठ्या भांड्यांना त्यात फारसं स्थान नसतं. म्हणजे आकडा खोटा नाही, तो तुमच्या सिंकबद्दल बोलत नाही इतकंच. ६० सेंमी रुंदीची यंत्रं साधारण १२ ते १६ सेटिंगची आणि ४५ सेंमीची ९-१० ची असतात. पण १३ आणि १४ मधला फरक बऱ्याचदा चमच्यांसाठी वर दिलेल्या तिसऱ्या चपट्या ट्रेचा असतो. त्यात पातेलं ठेवून दाखवा.

आकड्यापेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे. खालच्या रॅकचे उभे दात आडवे पाडता येतात का, आणि सगळे की निम्मेच? वरचा रॅक भांडी भरलेली असतानाही वर-खाली करता येतो का? तो वर केल्यावर खाली किती उंचीचं भांडं मावतं? माझ्या त्या पहिल्या यंत्राचे दात पक्के होते, आणि त्यांच्याशी मी कित्येक वर्षं भांडत काढली.

दुसऱ्या वेळी मी कापडी पिशवीत घरातलं सगळ्यात मोठं पातेलं, सगळ्यात रुंद ताट आणि लांब दांड्याची कढई घेऊन दुकानात गेले. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन यंत्रांत ठेवून पाहिली, दोन बाद झाली. लाज वाटत असेल तर टेप घेऊन जा, पण रिकाम्या हातानं जाऊ नका. १८८६ साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रन यांनी ज्या भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याची सुरुवातसुद्धा मोजमापानंच झाली होती: आधी बश्या आणि कप मोजले, त्या मापाचे तारेचे कप्पे केले, मग त्यांवर दाबानं पाणी सोडायची सोय केली. आपण मात्र आधी यंत्र आणतो आणि मग त्यात मावतील अशी भांडी शोधत फिरतो.

आणि "आम्ही दोघंच तर आहोत, ४५ चा पुरेल" हे म्हणण्याआधी लक्षात घ्या की माणसं कमी झाली म्हणून पातेलं लहान होत नाही. खणात जागा असेल तर ६० चाच घ्या. अर्धाच भरला तर एखादा दिवस थांबता येतं, मोठं भांडं काही दुमडता येत नाही.

कुठली भांडी चालतच नाहीत हे न मोजणं

ॲल्युमिनियम काळवंडतं. बिडाच्या भांड्यांवरचा तेलाचा थर निघून ती गंजतात. लाकूड तडकतं, तांबं-पितळ निस्तेज होतं, चांगल्या सुऱ्यांची धार जाते. तुमच्या रोजच्या भांड्यांत निम्मी अशी असतील, तर एक तर भांडी बदला किंवा यंत्राचा विचार पुढं ढकला. हे मी सांगितलं की लोकांना राग येतो. येऊ दे.

टीडीएसच्या आकड्यावरून पाण्याचा जडपणा ठरवणं

ही माझी दुसरी आवडती चूक, आणि यात शिकलेसवरलेले लोक जास्त फसतात, कारण त्यांच्याकडे मीटर असतो.

माझ्या मामेभावानं यंत्र घेतलं. माणूस नेटका. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणारा मीटर पाण्यात बुडवला, आकडा आला ४०० च्या वर. "पाणी भयंकर जड आहे," म्हणून त्यानं यंत्रातली जडपणाची पातळी एकदम शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. दोन-तीन महिन्यांत काचेचे पेले धुरकट दिसायला लागले. त्यानं ठरवलं, क्षार बसतायत. मग पावडर वाढवली, पाण्याचं तापमान वाढवलं. पेले आणखी धुरकट. मला फोन आला तो यंत्र परत कसं करायचं हे विचारायला.

मी गेले, एक पेला घेतला, त्यावर व्हिनेगर चोळून पाच मिनिटं ठेवलं. क्षारांचा थर असता तर निघाला असता. काहीही निघालं नाही. म्हणजे काचच झिजली होती, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नसते. काच अशी झिजते ती बहुधा पाणी फार मऊ असलं, पावडर गरजेपेक्षा जास्त पडली आणि तापमान चढं ठेवलं की. विचारलं तर कळलं की इमारतीत सगळ्यांसाठी सॉफ्टनर बसवलेला आहे. पाणी घरात येतानाच मऊ होतं!

मग मीटरवर ४०० कसे? टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा अंदाज देतो. जडपणा म्हणजे त्यांतले फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. सॉफ्टनर हे दोन काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. म्हणजे जडपणा जवळपास शून्यावर येतो आणि टीडीएस होता तिथंच राहतो. भावानं नसलेल्या रोगावर औषध चालू केलं होतं आणि गुण येईना म्हणून मात्रा वाढवत होता. यंत्रही बिचारं सांगितल्याप्रमाणे, आधीच मऊ असलेलं पाणी मऊ करायला उगाच मीठ आणि पाणी खर्च करत होतं. पातळी शून्यावर आणली, पावडर मोजून कमी केली, काचेसाठी कमी तापमानाचा प्रोग्रॅम लावला. नवे पेले ठीक आहेत. जुने तो अजून पाहुण्यांसमोर ठेवतो.

तेव्हा खरेदीला जाण्याआधी जडपणा मोजायची पट्टी आणा. स्वस्त असते, पाण्यात बुडवून रंग जुळवायचा. लिटरला १२० मिलिग्रॅमच्या पुढचं पाणी जड आणि १८० च्या पुढचं फार जड समजतात. मग यंत्राच्या माहितीपत्रकात बघा, ते किती जडपणापर्यंत पाणी मऊ करू शकतं. तिथं बहुधा जर्मन अंशांत आकडा असतो. एक अंश म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम, त्यामुळे ५० अंशांची मर्यादा म्हणजे जवळजवळ ८९०. काही यंत्रांत मऊ करायची सोयच नसते. मीठ घालायची टाकी तळाशी दिसली नाही तर तिथंच विचारा. पावडरऐवजी "सगळं एकात" असलेली टॅब्लेट वापरली की मिठाची गरज नाही असं कोणी सांगेल. ते ठरावीक जडपणापर्यंतच खरं असतं. आणि मीठ म्हणजे डिशवॉशरचंच जाड मीठ. स्वयंपाकघरातलं बारीक मीठ घालून पैसे वाचवणाऱ्यांनी दुरुस्तीसाठी मला फोन करू नये.

नळाला दाब आहे का, हे न बघणं

बहुतेक यंत्रांना किमान अर्ध्या बारच्या आसपास दाब लागतो. टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर १० मीटर उंचीमागे साधारण एक बार दाब मिळतो. म्हणजे टाकी नळापेक्षा निदान ५ मीटर वर हवी. टाकीच्या थेट खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांना ही उंची मिळत नाही, मग यंत्र पाणी घेता घेता थकतं आणि चूक दाखवून थांबतं. पंप बसवून हा प्रश्न सुटतो, पण तो यंत्र येण्याआधी सोडवायचा असतो. माझी सवय: ज्या नळावर यंत्र जोडायचं तो पूर्ण सोडायचा आणि १० लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळावर बघायचं. मिनिटभरात भरली तर निश्चिंत. दोन मिनिटं लागली तर आधी प्लंबरला बोलवा. यानं दाब थेट मोजला जात नाही हे मलाही माहीत आहे, पण रडका नळ लगेच ओळखू येतो.

खण मोजला, दार नाही

रुंदी सगळे मोजतात. पण दार खाली उघडतं आणि सुमारे ६० सेंमी पुढं येतं. यंत्राची खोली धरली तर भिंतीपासून १२० सेंमी जागा गेली. वर्तमानपत्र त्या मापाचं कापून जमिनीवर पसरा आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरून बघा. फ्रिजचं दार, समोरचा ड्रॉवर, सगळं कळतं. मागे पाइप आणि वायरला जागा लागते हे विसरू नका. प्लगचा सॉकेट यंत्राच्या मागे नको, शेजारच्या कपाटात हवा. मागे असला तर प्लग काढायला दरवेळी यंत्र ओढावं लागेल. एक्स्टेंशन बोर्डवर तर मुळीच चालवू नका, पाणी तापवताना यंत्र दोन किलोवॉटच्या आसपास वीज खेचतं.

सांडपाण्याचा पाइप ओट्याच्या खालच्या बाजूला उंच उचलून, वळसा देऊन मग खाली न्यायचा. बसवणारा घाईत असतो, सरळ जमिनीवरून नेतो. मग कधी सिंकचं घाण पाणी यंत्रात, तर कधी यंत्रातलं पाणी भरता भरताच बाहेर.

"साडेतीन तास? त्यापेक्षा मी हातानं घासते!"

इको प्रोग्रॅमचा वेळ बघून लोक चिडतात आणि "पटकन" बटण असलेलं यंत्र निवडतात. धुण्याच्या कामात चार गोष्टी असतात: वेळ, तापमान, रसायन आणि पाण्याचा मारा. हर्बर्ट सिनर या रसायनतज्ज्ञानं १९५९ साली हा हिशेब मांडला. एक कमी केली की बाकीच्यांनी ती भरून काढायची. इकोमध्ये तापमान कमी म्हणून वेळ जास्त, आणि पाणी फक्त ९-१० लिटर. १५ किंवा ३० मिनिटांचा प्रोग्रॅम जेमतेम मळलेल्या पेल्यांसाठी असतो आणि त्यात वाळवणं बहुधा नसतंच. वाळलेलं खरकटं त्यात निघत नाही, आणि मग दोष यंत्राला. रात्री लावा आणि झोपा, तुम्ही काही त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसणार नाही.

रात्री लावणार असाल तर आवाज बघा. १० डेसिबल वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, त्यामुळे ४२ आणि ५२ हा किरकोळ फरक नाही.

उरलेल्या चुका, थोडक्यात

भांडी विसळून लावू नका, मोठं खरकटं काढलं की पुरे. पावडरमधल्या एन्झाइमना काम हवं असतं.

प्लॅस्टिक वाळत नाही ही तक्रार घेऊन येऊ नका. ते उष्णता धरून ठेवत नाही, म्हणून ओलंच राहतं. शेवटी दार आपोआप उघडणारं यंत्र घेतलंत तर थोडा फरक पडेल, पण लाकडी ओट्याच्या खालच्या कडेला वाफ अडवणारी पट्टी लावून घ्या.

हातानं घासायचा लिक्विड साबण एक थेंबही नको. फेस दारातून बाहेर येतो, आणि तो निपटायला इको प्रोग्रॅमपेक्षा जास्त वेळ लागतो.

फिल्टर हातानं सहज निघतो का ते दुकानातच काढून बघा. निघायला त्रास होत असेल तर तुम्ही तो आठवड्याला साफ करणार नाही, हे मी आत्ताच लिहून देते.

बसवायला माणूस आला की त्याच्यासमोरच मिठाच्या टाकीत पाणी भरा, फक्त पहिल्या वेळी, मग मीठ घाला आणि सांडलेले खडे पुसून लगेच एक प्रोग्रॅम लावा. खारं पाणी आत तसंच राहिलं तर स्टीललासुद्धा गंज धरतो. आणि तो प्रोग्रॅम संपेपर्यंत त्या माणसाला जाऊ देऊ नका. चहा द्या, गप्पा मारा, मधून मधून खाली वाकून पाइपच्या जोडावर कोरडा कागद लावून बघा.