डायोड तपासताना आणि बदलताना या चुका टाळा

डायोड एका दिशेने करंट जाऊ देतो आणि उलट दिशेने अडवतो. आयटीआय असो की डिप्लोमा, सुरुवात याच वाक्याने होते, आणि बऱ्याच जणांची डायोडशी ओळख तिथेच थांबते. पुढे प्रत्यक्ष काम करायला बसलं की अडतं ते यामुळेच. डायोड किती करंटला किती व्होल्ट घेईल, किती तापेल, उलटा दाब (व्होल्टेज) किती सोसेल आणि किती चटकन बंद होईल, यातलं काहीच त्या वाक्यात नाही.

आधी आत काय चालतं ते नीट पाहू. डायोड पी आणि एन अशा दोन भागांच्या जोडाने बनतो. पी बाजू पॉझिटिव्ह चार्जची आणि एन बाजू निगेटिव्ह चार्जची, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. सिलिकॉनमध्ये बोरॉन मिसळला की पी आणि फॉस्फरस मिसळला की एन. एकेकटे घेतले तर हे दोन्ही भाग विजेच्या दृष्टीने तटस्थच असतात. फरक इतकाच की पी भागात मोकळे होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) जास्त आणि एन भागात मोकळे इलेक्ट्रॉन जास्त. दोन्ही एकत्र आले की जोडाजवळचे (जंक्शनजवळचे) इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होलमध्ये बसतात. मागे एन बाजूला फॉस्फरसचे पॉझिटिव्ह आयन आणि पी बाजूला बोरॉनचे निगेटिव्ह आयन राहतात. हे जागचे हलत नाहीत. मोकळे वाहक जवळजवळ नसलेला हा पट्टा म्हणजे डिप्लीशन रीजन. त्यातलं विद्युत क्षेत्र आणखी इलेक्ट्रॉनना पलीकडे जाऊ देत नाही. फॉरवर्ड बायस (पी ला पॉझिटिव्ह, एन ला निगेटिव्ह) दिला की हा अडसर खाली येतो आणि करंट झपाट्याने वाढतो. रिव्हर्स दिला की पट्टा रुंदावतो.

काही विद्यार्थी सुट्या डायोडच्या दोन टोकांना व्होल्टमीटर लावून हा अडसर मोजायला जातात. मीटर शून्य दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. धातूच्या पायांशी झालेल्या जोडांवरही असाच फरक तयार होतो आणि सगळं मिळून हिशेब शून्य होतो. तसं नसतं तर नुसत्या डायोडवर दिवा कायमचा लागला असता!

०.७ व्होल्ट हा आकडा पक्का धरणं

मल्टीमीटरच्या डायोड रेंजवर १एन४००७ (एसीचं डीसी करणारा नेहमीचा डायोड) तपासला तर साधारण ०.५ ते ०.६ दिसतं. ०.७ आलं नाही म्हणून चांगले डायोड टाकून देऊ नका. मीटर साधारण एक मिलिअँपियरच्या आसपास करंट सोडतो, म्हणून आकडा कमी येतो. याच डायोडमधून पूर्ण एक अँपियर गेला की ड्रॉप (डायोडवर खर्च होणारा व्होल्टेज) १.१ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे सुमारे एक वॅट उष्णता, तीही एवढ्याशा तुकड्यात. म्हणून पाय अगदी आखूड कापून डायोड पीसीबीला (सर्किट बोर्डला) चिकटवू नये. पायांतूनच बरीच उष्णता बाहेर पडते.

डायोड तापला की त्याच करंटला लागणारा व्होल्टेज दर अंशाला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटतो. ‘एक डायोड पुरत नाही, दोन पॅरलल लावू’ हा उपाय त्यामुळे फसतो. जो थोडा जास्त तापतो तो जास्त करंट ओढतो, आणखी तापतो, आणि शेवटी दोन्ही उडतात. त्यापेक्षा सरळ तीन अँपियरचा १एन५४०८ लावा.

एलईडी हाही जंक्शन डायोडच, त्यामुळे रेझिस्टरशिवाय तो सप्लायला जोडू नये. १२ व्होल्टवर लाल एलईडी १० मिलिअँपियरने लावायचा असेल तर त्याचे २ व्होल्ट वजा करा, उरलेल्या १० व्होल्टसाठी १ किलोओहम. उलटा दाब मात्र बहुतेक एलईडींना ५ व्होल्टपर्यंतच चालतो.

सर्किटमध्ये ठेवूनच डायोड तपासणं

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो इथे. ट्रान्सफॉर्मरला जोडलेला ब्रिज, म्हणजे एसीचं डीसी करणारी चार डायोडची जोडणी, घ्या. पॉझिटिव्हला जाणारे दोन डायोड ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगने एकमेकांना जोडलेले असतात, आणि त्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स थोडासाच असतो. यातला एक शॉर्ट झाला की मीटरवर दुसराही शॉर्ट दिसतो. मग चांगला डायोड काढला जातो. म्हणून संशय आलेल्या डायोडचा एक पाय सोल्डर काढून उचला आणि मग मोजा. एका दिशेने ०.५ ते ०.६, उलट दिशेने ‘ओएल’ (रेंजबाहेर) किंवा डावीकडे नुसता १, तर डायोड ठीक. दोन्हीकडे शून्याजवळ असेल तर शॉर्ट, दोन्हीकडे ‘ओएल’ असेल तर ओपन.

त्याआधी प्लग काढा. चार्जर किंवा एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या) मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी शिल्लक असू शकतात. तो स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून रिकामा करा आणि डीसी रेंजवर मोजून खात्री करा. ही पायरी कधीच वगळू नका.

काट्याच्या जुन्या मीटरमध्ये आणखी एक गंमत असते. ओहमच्या रेंजवर बहुतेक मीटरचा लाल प्रोब आतल्या सेलच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे अ‍ॅनोड-कॅथोड (पी आणि एन टोक) उलटे ओळखले जातात. डायोडवरची पट्टी ज्या बाजूला, तो कॅथोड.

मीटरवर डायोड चांगला दिसला म्हणजे तो पूर्ण दाबालाही टिकेल असं नाही. मीटर जेमतेम दोन-तीन व्होल्ट देतो. जास्त व्होल्टला किंवा तापल्यावर लीक होणारा डायोड त्यात सापडत नाही. अशा वेळी सरळ नवा लावून पाहावं.

रिव्हर्स व्होल्टेजचा हिशेब न करणं

ट्रान्सफॉर्मरवरचे १२ व्होल्ट हे आरएमएस (एसीचं परिणामी मूल्य) असतात, शिखर १७ च्या आसपास. १६ व्होल्टचा कपॅसिटर म्हणूनच फुगतो. एकाच डायोडच्या हाफ वेव्ह सर्किटमध्ये कपॅसिटर भरलेला असताना उलट अर्ध्या सायकलला डायोडवर शिखराच्या दुप्पट दाब येतो. २३० व्होल्टच्या मेनवर हा आकडा ६५० होतो. ४०० व्होल्टचा १एन४००४ तिथे तग धरत नाही, १००० व्होल्टचा ४००७ धरतो.

झेनर म्हणजे ठरावीक उलट व्होल्टेजला वाहून ते स्थिर ठेवणारा डायोड. त्याचं ब्रेकडाउन म्हणजे बिघाड नव्हे, ते त्याचं कामच आहे. त्याला मारते ती उष्णता. लोड काढल्यावर सगळा करंट झेनरमधून जातो, तेव्हा वॅटचा हिशेब लोड नसताना करा.

सगळीकडे ४००७ लावणं

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की पुण्याची तपकीर गल्ली, ४००७ कुठेही स्वस्तात मिळतो, म्हणून तो एसएमपीएसच्या आउटपुटलाही लावला जातो. एफआर१०७ हा फास्ट (चटकन बंद होणारा) डायोड शेजारी ठेवला तर काळं अंग तेच, चंदेरी पट्टी तीच. पण फॉरवर्डमध्ये चालताना जंक्शनच्या दोन्ही बाजूंना वाहक साठतात, आणि व्होल्टेज उलटल्यावर ते निघून जाईपर्यंत डायोड उलटाही वाहतो. ५० हर्ट्झला याने काही बिघडत नाही. पन्नास हजार हर्ट्झला मात्र एक पूर्ण सायकल अवघ्या २० मायक्रोसेकंदांची, आणि ४००७ ला सावरायलाच काही मायक्रोसेकंद लागतात. तो तापतो आणि जातो. तिथे यूएफ४००७ सारखा फास्ट डायोड हवा. ५ व्होल्टच्या आउटपुटला शॉटकी (धातू-सिलिकॉन जोडाचा, कमी ड्रॉपचा डायोड) चांगला, पण १एन५८१९ हा शॉटकी फक्त ४० व्होल्टचा आहे. जास्त व्होल्टच्या आउटपुटला तो डोळे झाकून लावू नये. जुन्या डायोडवरचा नंबर भिंगाने वाचा, जळून पुसला असेल तर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बोर्डवर पाहा.