शुगर फ्री घेताय? आधी पाकीट उलटं करून बघा

आमच्या साताऱ्यात पाहुणा आला की कंदी पेढा ठरलेलाच, आणि हल्ली घरटी एक तरी शुगरवाला असतो म्हणून मग शुगर फ्री पेढा आणला जातो, आणि शुगर फ्री आहे म्हणून दोनाच्या जागी पाच खाल्ले जातात (आमचे मामा, दुसरं कोण). पण खव्यात दुधाची साखर असतेच की, वर फॅट आणि कॅलरी आहेतच.

पाकिटावर मागे बारीक अक्षरात स्वीटनरचे, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घातलेल्या पदार्थांचे नंबर असतात ते बघा. 951 म्हणजे अस्पार्टेम, 955 सुक्रालोज, 954 सॅकरिन, 960 स्टीव्हिया. 965 दिसला तर तो माल्टिटॉल, त्याने शुगर थोडी वाढतेच आणि जास्त झालं तर पोट बिघडतं.

अस्पार्टेमची गोळी चहात उकळू नका, गोडी जाते, कप गॅसवरून उतरल्यावर टाका.

कॅन्सरचं म्हणाल तर 2023 मध्ये डब्ल्यूएचओच्या (जागतिक आरोग्य संघटनेच्या) कॅन्सर संस्थेने अस्पार्टेमला 'कदाचित कारणीभूत' गटात टाकलं, पण पुरावा मर्यादित आहे, आणि डब्ल्यूएचओच्याच दुसऱ्या समितीने रोजची मर्यादा वजनाच्या किलोमागे 40 मिलिग्रॅम तशीच ठेवली, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 2400, चहातल्या दोन गोळ्यांनी तिथवर कोण पोचत नाही. पीकेयू हा जन्मजात आजार असेल तर मात्र अस्पार्टेम अजिबात नको.

त्याच वर्षी डब्ल्यूएचओने वजन कमी करायला असले स्वीटनर वापरू नका असंही सांगितलं, पण ते ज्यांना आधीच डायबिटीस आहे त्यांच्यासाठी नव्हतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. मामांना आता एकच पेढा देतो, साधा, तोही अर्धा मामींना द्यायच्या अटीवर.