ॲस्परॅगस चिवट झाला? या चुका टाळा

ॲस्परॅगसची जुडी हातात आली की बहुतेक जण हिरवा रंग बघतात आणि पिशवीत टाकतात. घरी भाजी तारतार लागली की दोष कृतीला जातो. पण निम्मं नुकसान गॅस पेटवण्याआधीच झालेलं असतं. ॲस्परॅगस म्हणजे जमिनीतून नुकताच वर आलेला कोंब. कापल्यावरही तो बहुतेक भाज्यांपेक्षा जोरात श्वसन करतो, आतली साखर भराभर संपवतो आणि बुडख्याकडून चिवट होत जातो. युरोपात एप्रिल ते जून त्याचा हंगाम असतो, तेव्हा तिथे तो शेतातून थेट स्वयंपाकघरात येतो. पुण्यात येईपर्यंत त्याचा प्रवास झालेला असतो, म्हणून इथे निवडणं आणि साठवणं जास्त महत्त्वाचं.

घेताना

आधी शेंडा बघा. खवले घट्ट मिटलेले हवेत. ते फुलले असतील, ओलसर चिकट असतील किंवा वास येत असेल, तर जुडी खाली ठेवा. मग बुडखा बघा: कापलेली बाजू ओलसर हवी, वाळून भेगाळलेली नको. दोन कोंब एकमेकांवर घासा. ताजे असतील तर कुचकुच आवाज येतो.

बारीक म्हणजे कोवळा आणि जाड म्हणजे जून, हा समज चुकीचा आहे. जाडी रोपाच्या जोमावर अवलंबून असते. बारीक कोंबात गराच्या मानाने साल जास्त, त्यामुळे कधीकधी तोच जास्त धागेदार लागतो. जाडी कोणतीही असू द्या, एका जुडीत सारखी असू द्या, नाहीतर अर्धे कोंब कच्चे राहतात आणि अर्धे गळतात.

घरी आणल्यावर

एप्रिलच्या उन्हात मंडईतून निघून स्कूटरच्या डिकीत तासभर फिरलेली जुडी संध्याकाळपर्यंत मान टाकते. ही खरेदी शेवटी करा. घरी येताच रबरबँड काढा, बुडखे 1 सेंटिमीटर कापा, ग्लासात 2-3 सेंटिमीटर पाणी घेऊन कोंब उभे ठेवा, वरून पिशवी सैल घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. पाणी रोज बदला. ताजी जुडी अशी 3-4 दिवस चांगली राहते.

आणि आंब्यांपासून लांब ठेवा! पिकणारे आंबे आणि केळी इथिलीन वायू सोडतात, आणि या वायूने ॲस्परॅगसमधले धागे लवकर कडक होतात. हापूसच्या पेटीशेजारी ओट्यावर ठेवलेली जुडी त्यामुळेच बिघडते.

कोंब नुसते मलूल झाले असतील तर बुडखा कापून अर्धा तास थंडगार पाण्यात उभे करा, बरेचसे तरतरीत होतात. शेंडा बुळबुळीत झाला असेल तर मात्र टाकून द्या.

कापताना

हाताने मोडायची पद्धत सोपी, पण त्यात खाण्याजोगा भागही जातो. सुरी बुडख्याकडून वर सरकवत न्या. जिथे ती सहज आत जाते तिथे कापा. जाड कोंबाची खालच्या तिसऱ्या हिश्श्याची साल सोलाण्याने काढा. उरलेले बुडखे उकळून गाळले की सूपसाठी छान पाणी मिळतं.

शिजवताना

कुकर नको, एक शिट्टीही जास्त होते. 1 लिटर पाण्याला 10 ग्रॅम मीठ घालून खळखळून उकळा. पेन्सिलीएवढे कोंब 2 मिनिटं, बोटाएवढे 3-4 मिनिटं. झाकण ठेवू नका: भाजीतली आम्लं वाफेबरोबर निघून गेली नाहीत तर हिरवा रंग मेंदीसारखा काळपट होतो. लिंबू त्याच कारणाने ताटात वाढल्यावरच पिळा. रंगासाठी चिमूटभर सोडा घालायची आपल्याकडे सवय आहे. रंग टिकतो, पण कोंब लगदा होतात. सोड्याऐवजी उकळून काढताच बर्फाच्या पाण्यात टाका.

तव्यावर करायचे असतील तर आधी पुसून अगदी कोरडे करा. ओले कोंब भाजत नाहीत, वाफवले जातात. तापलेल्या लोखंडी तव्यावर 1 चमचा तेल, एकाच थरात कोंब, 4-5 मिनिटं, मीठ शेवटी. तवा गच्च भरला की पाणी सुटतं. फोडणीत जिरं, लसूण आणि हिरवी मिरची पुरे, वर ओलं खोबरं. गोडा मसाला घातला की ॲस्परॅगसची मटारासारखी गोडसर चव राहत नाही.

खाल्ल्यावर लघवीला वेगळाच वास आला तर घाबरू नका. यातल्या ॲस्परॅगसिक आम्लापासून गंधकयुक्त संयुगं बनतात. ती निरुपद्रवी असतात आणि हा वास प्रत्येकाला येतोच असं नाही.

शतावरी आणि हा एकच का?

एकाच कुळातले, पण वेगळे. आयुर्वेदात मुळं वापरतात ती काटेरी वेलीची शतावरी. पावसाच्या सुरुवातीला सह्याद्रीत तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खातात. म्हणून ॲस्परॅगसकडून शतावरीच्या औषधी गुणांची अपेक्षा धरू नका, आणि शतावरीची पूड भाजीत घालून ॲस्परॅगसची चव येणार नाही.